ताशी १६८ मैलांची थाप

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या जुन्या चाहत्यांमध्ये १९८५ सालचा विषय निघाला, की दोन पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांची, नावं हटकून येतात. पहिला ड्वाइट गुडन. वय अवघं वीस. त्या हंगामात त्याने २४ सामने जिंकून दिले, ४ गमावले आणि २६८ बॅटरना स्ट्राइकआउट केलं. शे स्टेडियममध्ये त्याच्या प्रत्येक बळीमागे चाहते कठड्यावर 'के' या स्ट्राइकआउटच्या खुणेच्या अक्षराचा एक फलक टांगत. दुसरा सिड फिंच. त्याने मेट्ससाठी एकही चेंडू टाकला नाही. टाकणार कुठून? तो जन्मालाच आला नव्हता. तरीही चाळीस वर्षांनंतर त्याची आठवण निघते ती एखाद्या लाडक्या खेळाडूची निघावी तशी. आपण तो लेख कुठे बसून वाचला, कोणाला धावत जाऊन सांगितलं, किती दिवस खरा मानला, हे लोक एकमेकांना सांगत बसतात.

तो लेख आला 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकात. १९५४ साली 'टाइम' नियतकालिकाच्या कंपनीने सुरू केलेलं हे साप्ताहिक दर आठवड्याला अमेरिकेतल्या लाखो घरांत जायचं आणि त्यात छापलेला आकडा वादाचा निकाल लावायला पुरे व्हायचा. १९८५ साली त्याचे संपादक होते मार्क मलवॉय. यंदा एका अंकावर १ एप्रिल हीच तारीख पडणार, हे त्यांच्या लक्षात आलं. खेळाच्या जगात आजवर झालेल्या एप्रिल फूलच्या फजितींवर एक लेख लिहा, असं त्यांनी जॉर्ज प्लिम्प्टन यांना सांगितलं. प्लिम्प्टननी शोधाशोध केली, पण लेख उभा राहील इतका ऐवज हाती लागेना. मग ठरलं, की जुन्या थापांची यादी देण्यापेक्षा एक नवी थापच रचावी.

माणूस अचूक निवडला होता. प्लिम्प्टन हे एरवी साहित्यातलं नाव. 'द पॅरिस रिव्ह्यू' या मान्यवर वाङ्मयीन नियतकालिकाचे ते १९५३ पासूनचे संपादक. पण त्यांचा दुसरा ध्यास असा, की व्यावसायिक खेळाडूला मैदानात काय वाटतं ते बाहेर बसून लिहायचं नाही, आत उतरून अनुभवायचं. आर्ची मूर या जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याशी ते लढले आणि नाक रक्तबंबाळ करून परतले. १९६३ मध्ये डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सराव शिबिरात ते क्वार्टरबॅक म्हणून उतरले आणि त्यावर त्यांनी 'पेपर लायन' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्याही आधी, १९५८ साली, यांकी स्टेडियमच्या पिचिंग माउंडवर उभं राहून त्यांनी विली मेजसारख्या दिग्गजांना चेंडू टाकले होते. सुरुवात बरी झाली. मग दंडातली ताकद ओसरत गेली, एकेका बॅटरला चेंडूमागून चेंडू टाकावे लागले, आणि शेवटी दुसऱ्याच माणसाने येऊन त्यांची सुटका केली. 'आउट ऑफ माय लीग' हे त्यांचं १९६१ चं पुस्तक या एका दुपारीवर उभं आहे. चेंडू फेकणं शरीराकडून काय वसूल करतं, हे या लेखकाला स्वतःच्या खांद्यातून कळलेलं होतं. म्हणूनच असावं, त्यांनी जो पिचर कल्पिला त्याला घाम येत नाही, तो हात मोकळा करत नाही, त्याला दुखत नाही.

लेखाचं नाव होतं 'द क्युरियस केस ऑफ सिड फिंच'. गोष्ट अशी.

मेट्सने एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण गुपचूप सरावाला आणलेला आहे. नाव हेडन फिंच, पण स्वतःला तो सिद्धार्थावरून सिड म्हणवतो. इंग्लंडमधल्या अनाथालयात वाढलेला. एका पुरातत्त्ववेत्त्याने दत्तक घेतलेला. ते दत्तक वडील नेपाळात विमान अपघातात गेलेले. मुलगा काही काळ हार्वर्ड विद्यापीठात शिकला, मग शिक्षण सोडून तिबेटात गेला आणि एका लामाकडे मनाने शरीरावर ताबा मिळवण्याची साधना करू लागला. त्या साधनेतून त्याला चेंडू फेकण्याची सिद्धी मिळाली. १९८४ मध्ये मेन राज्यातल्या ओल्ड ऑर्चर्ड बीच या गावी, मेट्सच्या दुय्यम संघाचे व्यवस्थापक बॉब शेफर यांना तो भेटला. कुंपणाच्या खांबावर सोड्याची बाटली ठेवून त्याने लांबून एका फेकीत तिचा चुरा केला. आता फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला, मेट्सच्या वसंतातल्या शिबिरात, कनातीच्या आडोशाने त्याचा सराव चालला आहे. एका पायात गिर्यारोहकाचा जड बूट, दुसरा पाय अनवाणी. फावल्या वेळात तो फ्रेंच हॉर्न हे वाद्य वाजवतो, तेही उस्तादासारखं. बेसबॉल खेळायचं की संगीताकडे जायचं, हे अजून त्याचं ठरलेलं नाही.

आणि त्याच्या चेंडूचा वेग ताशी १६८ मैल.

हा आकडा मराठी वाचकाला ओळखीच्या मापात सांगायला हवा. १६८ मैल म्हणजे २७० किलोमीटर. क्रिकेटमध्ये नोंदला गेलेला सर्वांत वेगवान चेंडू शोएब अख्तरचा, २००३ च्या विश्वचषकातला, ताशी १६१.३ किलोमीटर. बेसबॉलमध्ये माउंडपासून बॅटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही थोडं कमी, आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो. हात पुढे येऊन चेंडू सुटतो तेव्हा प्रत्यक्षात ५५ फूटच उरलेले असतात. शंभर मैलांचा चेंडू हे अंतर सेकंदाच्या चार-दशांशाहूनही कमी वेळात कापतो आणि जगातले उत्तम बॅटर तेवढ्यात कसंबसं ठरवतात, की बॅट फिरवायची की नाही. फिंचचा चेंडू पोचायला सेकंदाचा जेमतेम पाव भागही लागला नसता. चेंडू दिसला हे मेंदूला कळून हात हलेपर्यंत तो कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसला असता. लेखातच आधीचा विक्रम १०३ मैलांचा दिला होता. विक्रम एकदम ६५ मैलांनी मोडला गेला; एवढ्या फरकाची बातमी धावण्यात किंवा उडीत कोणी दिली असती तर तिथेच हशा पिकला असता. पण चेंडूचा वेग मोजणारं रडारचं यंत्र बेसबॉलमध्ये येऊन दहाच वर्षं झाली होती. मिशिगनमधले महाविद्यालयीन प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी पोलिसांच्या रडारवरून ही कल्पना उचलली ती सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. आजच्यासारखा प्रत्येक चेंडूचा वेग टीव्हीच्या पडद्यावर झळकत नव्हता. चाहत्याला आकडा ठाऊक होता, पण आकड्याची मर्यादा अंगवळणी पडलेली नव्हती.

थापेचं खरं कसब मात्र वेगात नव्हतं, साक्षीदारांत होतं. फिंच तेवढा खोटा. त्याच्याभोवतीचे बहुतेक सगळे खरे. मेट्सचे मालक नेल्सन डबलडे, महाव्यवस्थापक फ्रँक कॅशन, संघाचे व्यवस्थापक डेव्ही जॉन्सन, पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर, कॅचर रॉन रेनल्ड्स, आणि कनातीत फिंचसमोर उभे राहिलेले तीन तरुण बॅटर: जॉन क्रिस्टेन्सन, डेव्ह कॉक्रेन आणि लेनी डायक्स्ट्रा. ही सगळी हाडामांसाची माणसं, रोजच्या वर्तमानपत्रात ज्यांची नावं यायची ती. त्यांच्या तोंडी लेखात जे घातलं ते इतकं साधं आणि इतकं कामातलं होतं, की ते रचलेलं असेल असा संशय येऊ नये. रेनल्ड्सचा हात चेंडू झेलून झेलून दुखतो आहे. क्रिस्टेन्सन सांगतो की चेंडू येताना दिसतच नाही, नुसता आवाज येतो. चमत्काराचं वर्णन करताना प्लिम्प्टननी चमत्काराचा सूर लावला नाही. शिबिरातल्या वार्ताहराने टिपणं काढावीत तसं त्यांनी लिहिलं.

छायाचित्रांनी उरलेलं काम केलं. छायाचित्रकार लेन स्टुअर्ट यांनी आपले मित्र जो बर्टन यांना फिंच व्हायला राजी केलं. बर्टन शिकागोजवळच्या ओक पार्कमधल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंची सहा फूट चार इंच, हातपाय लांबसडक, बूट चौदा नंबरचा. मेट्सने त्यांना संघाचा २१ क्रमांकाचा पोशाख दिला आणि ड्रेसिंग रूममध्ये जॉर्ज फॉस्टर व डॅरिल स्ट्रॉबेरी या नामवंतांच्या मधोमध कपाट दिलं. स्टॉटलमायर फिंचला चेंडूची पकड समजावून सांगताहेत, डायक्स्ट्रा आणि मंडळी त्याच्याशी बोलताहेत, समुद्रकिनाऱ्यावर तो पाय उंच करून चेंडू फेकतो आहे, अशी चित्रं निघाली. चेहरा मात्र फारसा समोर येऊ दिला नाही. बुजरा माणूस कॅमेऱ्याला पाठ करतो, यात वाचकाला काही वावगं वाटलं नाही.

इथे थोडं थांबून मेट्सला दाद द्यायला हवी. एखाद्या व्यावसायिक संघाने आपला मालक, प्रशिक्षक, खेळाडू, पोशाख आणि मैदान हे सगळं एका लेखकाच्या कल्पनेच्या हवाली करावं, ही सोपी गोष्ट नाही. संघाचे प्रसिद्धीप्रमुख जे हॉरविट्झ यांनी गुपित सांभाळलं आणि त्याची किंमतही मोजली. एवढी मोठी बातमी एकट्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ला कशी दिलीत, म्हणून न्यूयॉर्कमधल्या एका वर्तमानपत्राच्या क्रीडासंपादकाने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

वाचकाशी दगाबाजी होऊ नये याचीही सोय प्लिम्प्टननी केली होती. शीर्षकाखाली फिंचची ओळख करून देणाऱ्या दोन ओळी होत्या. त्यातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर क्रमाने जोडत गेलं, की 'हॅपी एप्रिल फूल्स डे' हे शब्द तयार होत, आणि त्यापुढे ही थाप असल्याची कबुलीही. सगळं उघड्यावर ठेवलेलं. पण शीर्षकाखालच्या ओळींची अक्षरं कोण मोजत बसतं? शिवाय साप्ताहिकाचा अंक तारखेच्या आधीच काही दिवस बाजारात येतो. ज्यांनी तो मार्चच्या शेवटी टपालपेटीतून काढला, त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर एप्रिल उजाडलेलाच नव्हता. १ एप्रिलला कोणी काही सांगितलं तर माणूस सावध असतो. त्याच्या तीन-चार दिवस आधी तो सावध नसतो.

मेट्सच्या चाहत्यांची त्या वसंतातली मनःस्थितीही लक्षात घ्यावी लागते. १९६९ च्या अनपेक्षित विजेतेपदानंतर संघ घसरत गेला होता. १९७७ मध्ये टॉम सीव्हर हा त्यांचा सर्वांत मोठा पिचर दुसऱ्या संघाला देऊन टाकला गेला आणि पुढची अनेक वर्षं संघ तळाशी लोळत राहिला. १९८३ मध्येही तो आपल्या विभागात शेवटचाच होता. मग १९८४ मध्ये डेव्ही जॉन्सन आले, एकोणीस वर्षांच्या गुडनने पहिल्याच हंगामात २७६ स्ट्राइकआउट घेतले, संघाने एकदम ९० सामने जिंकले. वर्षअखेरीस गॅरी कार्टरसारखा कॅचर संघात आला. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या चाहत्याच्या पानात एकामागून एक पक्वान्न पडायला लागलं होतं, तेव्हा आणखी एक वाढलं तर तो हात आडवा कशाला धरेल? गुडनला आदल्या वर्षीपर्यंत कोण ओळखत होतं? तो खरा निघाला होता, मग फिंच का नाही?

अंक हाती पडला आणि गडबड उडाली. दोन संघांच्या महाव्यवस्थापकांनी बेसबॉलचे नवे आयुक्त पीटर युबेरॉथ यांना फोन करून विचारलं, की असल्या चेंडूसमोर बॅटरनी जिवाची हमी काय समजून उभं राहायचं? 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स'ने फिंचला शोधायला वार्ताहर धाडला. रेडिओवरच्या एका निवेदकाने तर आपण फिंचला चेंडू टाकताना प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगितलं. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत बोलकी आहे. त्या माणसाला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. फक्त सगळे ज्या गोष्टीबद्दल बोलताहेत तिच्यात आपलाही वाटा असावा, एवढीच ओढ.

२ एप्रिलला सेंट पीटर्सबर्गमध्ये पत्रकार परिषद झाली आणि बेसबॉल सोडत असल्याचं फिंचने जाहीर केलं. पुढच्या अंकात त्याच्या निवृत्तीची छोटी बातमी आली. त्याच्या पुढच्या, १५ एप्रिलच्या अंकात साप्ताहिकाने सगळं मान्य केलं. पत्रांचा पाऊस पडला, जवळजवळ २०००. काहींनी मनापासून कौतुक केलं, काहींनी वर्गणी बंद केली. रागावलेल्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्या कागदावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्याने तो विश्वासच खेळायला घेतला, ही बोच खोटी नव्हती. तरी या थापेने कोणाचे पैसे गेले नाहीत, कोणाची अब्रू गेली नाही, ज्यांची नावं वापरली त्यांनी ती आनंदाने वापरू दिली होती. बीबीसीने १ एप्रिल १९५७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झाडांना लागलेली स्पॅगेटी दाखवली होती, तिच्याच जातकुळीची ही थाप.

बेसबॉलच्या चाहत्यांना भोळसट म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या खेळाचा इतिहास पाहिला तर ते अन्यायाचं ठरेल. या खेळात न पटणाऱ्या गोष्टी खरोखर घडलेल्या आहेत. १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुइस ब्राउन्सचे मालक बिल व्हेक यांनी डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात एडी गेडेल नावाचा बॅटर पाठवला. उंची तीन फूट सात इंच. पाठीवर क्रमांक एक-अष्टमांश. पंचांनी हरकत घेतली तर रीतसर करार काढून दाखवला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे योग्य चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या पट्ट्यात यायला हवा असे; गेडेल वाकून उभा राहिला तेव्हा हा पट्टा जवळपास नाहीसाच झाला. पिचर बॉब केनचे चार चेंडू वरून गेले, गेडेल चालत पहिल्या बेसवर पोचला, तिथे त्याच्या जागी दुसरा धावपटू आला. अधिकृत नोंदींत गेडेलची ही एक पाळी आजही आहे. ज्याने हे वाचलेलं आहे, त्याने एक अनवाणी योगी अशक्य का मानावा?

आता तिबेटाकडे वळायला हवं, कारण भारतातल्या वाचकाची नजर तिथेच अडखळते. फिंच योगी आहे, नाव बुद्धाचं आहे, गुरू तिबेटी लामा आहे. हिंदू आणि बौद्ध साधनांची सरमिसळ आहे. हे सगळं प्लिम्प्टननी हवेतून आणलं असं मात्र नाही. लेखात ज्याच्या नावाची छाया आहे तो मिलारेपा हा तिबेटचा अकराव्या-बाराव्या शतकातला थोर संतकवी. ध्यानावस्थेत दिवसचे दिवस अविश्वसनीय वेगाने चालणाऱ्या लामांची वर्णनं अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासिनीने १९२९ च्या पुस्तकात करून ठेवलेली होती. आणि शरीरात उष्णता जागवणाऱ्या तुम्मो साधनेवर तर ताजं संशोधन होतं. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन दलाई लामांच्या सहकार्याने हिमाचलात धर्मशाळेला आले, तिथल्या तीन भिक्षूंवर प्रयोग केले, आणि साधनेच्या वेळी त्यांच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सियसपर्यंत वाढल्याचं १९८२ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलं. म्हणजे फिंचच्या तीनच वर्षं आधी, हार्वर्डच्याच माणसाने, जगातल्या सर्वांत काटेकोर नियतकालिकात सांगितलं होतं, की तिबेटी साधक मनाने शरीर बदलवतात. जाणता वाचक लेख वाचताना मान डोलवेल अशी ही व्यवस्था होती.

वर्तमानपत्रंही त्या काळी पौर्वात्य गुरूंनी भरलेली होती. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेला गेले आणि ओरेगॉन राज्यात त्यांच्या अनुयायांनी आख्खं नगर वसवलं. १९८५ मध्ये त्या नगराच्या बातम्या अमेरिकेत घरोघर पोचत होत्या. पूर्वेकडून आलेला, विलक्षण शक्ती असलेला, पैशाच्या मोहात न पडणारा किंवा फार पडणारा माणूस, हे चित्र वाचकाच्या डोक्यात आधीच तयार होतं. फिंचला त्यात फक्त बेसबॉलचा चेंडू हाती घ्यायचा होता.

आणि खेळाच्या पानांत असा कल्पित नायक घुसवण्याची युक्ती नवी नव्हती. १९४१ साली मॉरिस न्यूबर्गर या वॉल स्ट्रीटवरच्या दलालाने दर शनिवारी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना फोन करून प्लेनफील्ड टीचर्स कॉलेज या संस्थेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांचे निकाल कळवायला सुरुवात केली. असं कॉलेजच नव्हतं. पण 'न्यूयॉर्क टाइम्स'सह वर्तमानपत्रं निकाल छापत गेली, कारण शनिवारी शेकडो निकाल येत आणि लहान कॉलेजांचे निकाल कोणी तपासत नसे. प्लेनफील्ड जिंकत चाललं. मग संघाला नायक हवा म्हणून जॉनी चुंग हा अर्धा चिनी, अर्धा हवाईयन खेळाडू जन्माला घातला गेला. तो मध्यंतरात भात खातो आणि दुसऱ्या अर्ध्यात कोणाला ऐकत नाही, असं प्रसिद्धिपत्रकात कळवलं गेलं. शेवटी ही बनवाबनवी 'टाइम' साप्ताहिकाने उघडकीला आणली. न्यूबर्गरने जाता जाता शेवटचं पत्रक काढलं: चुंगसह बरेच खेळाडू परीक्षेत नापास झाल्यामुळे उरलेले सामने रद्द. ज्या कंपनीने १९४१ मध्ये ही थाप पकडली, तिच्याच साप्ताहिकाने १९८५ मध्ये फिंचला जन्म दिला.

चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन अमेरिकन थापा रचल्या गेल्या आणि दोन्हींत अतिमानवी खेळाडू आशियातून आणला गेला, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा १६८ मैलांनी चेंडू टाकतो असं लिहिलं असतं, तर त्याच्या शाळेत, गावातल्या मैदानात, शेजाऱ्यांकडे चौकशी झाली असती. तिबेटात कोण विचारायला जाणार? फिंचमध्ये पूर्वेविषयी तुच्छता नाही. उलट प्लिम्प्टननी त्याला लेखातला सर्वांत सभ्य, सर्वांत निर्लोभी माणूस केलं आहे. तरी तो ज्या तिबेटातून येतो तिथे माणसं राहत नाहीत, फक्त सिद्धी राहतात. त्याच तिबेटातून हजारो माणसं १९५९ पासून भारतात निर्वासित होऊन राहिली होती, हे त्या गोष्टीत कुठे येत नाही आणि यायला जागाही नाही. विनोदी लेखाकडून इतिहासाची अपेक्षा करू नये हे खरं, पण भारतातून वाचताना ही पोकळी दिसल्याशिवाय राहत नाही.

प्लिम्प्टननी पुढे १९८७ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली. ती लेखाइतकी पोचली नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे: कादंबरीत सगळंच कल्पित असतं हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. मेट्सला १९८५ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने तीन सामन्यांच्या फरकाने मागे टाकलं. १९८६ मध्ये त्यांनी बोस्टनला हरवून वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि तीही फिंचशिवाय. प्लिम्प्टन २००३ मध्ये गेले. वेगाचा विक्रम हळूहळू पुढे सरकत राहिला. २०१० मध्ये क्यूबातून आलेल्या अरोल्डिस चॅपमनने १०५ मैलांच्या किंचित वर चेंडू टाकला आणि तेवढ्यानेच जग थक्क झालं.

तीस वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, ईएसपीएनने फिंचवर लघुपट काढला. त्याच वर्षी मेट्सचाच दुय्यम संघ असलेल्या ब्रुकलिन सायक्लोन्सने प्रेक्षकांना फिंचच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या वाटल्या, आणि बर्टन पुन्हा फिंच होऊन मैदानात आले. लोकांनी त्यांच्या सह्या घेतल्या. एप्रिल १९८५ मध्ये जी मुलं होती ती आता आपापल्या मुलांना घेऊन आली असतील. त्यांच्या दृष्टीने हा एकाच वेळी खोटा खेळाडू आणि खरा माणूस होता, आणि दोघांनाही भेटायचं होतं. फसवलं गेल्याची आठवण लोक सहसा लपवतात. ही त्यांनी जपून ठेवली, कारण त्या तीन-चार दिवसांत आपला संघ जगातला सर्वांत भाग्यवान संघ आहे असं त्यांना मनापासून वाटलं होतं, आणि ते वाटणं काही खोटं नव्हतं.

फिंचच्या गोष्टीला एक पुढचा भाग आहे, तो अमेरिकन चाहते फारसे सांगत नाहीत. २००७-०८ मध्ये जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन व्यावसायिकाने भारतात चेंडू फेकण्याची स्पर्धा घेतली: ज्याचा चेंडू सर्वांत वेगवान आणि अचूक, त्याला अमेरिकेत संधी. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन तरुण निवडले गेले. दोघेही भालाफेकपटू, बेसबॉल त्यांनी कधी हातात धरला नव्हता. मधल्या काही महिन्यांत ते लॉस एंजेलिसमध्ये खेळ शिकले, इंग्रजी शिकले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांशी करार केला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. २००९ च्या उन्हाळ्यात ते पायरेट्सच्या प्राथमिक संघातून फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला खेळले. सेंट पीटर्सबर्गच्या ज्या मैदानावर फिंचची छायाचित्रं काढली गेली, तिथून ब्रॅडेंटन खाडीपलीकडे तासाभराच्या आतल्या अंतरावर आहे.

त्यांचे चेंडू ताशी नव्वद मैलांच्या आसपासचे. त्यामागे साधना होती ती भाल्याची, आणि नंतर रोजच्या कवायतीची. दिनेश लवकरच भारतात परतला. रिंकूने दुय्यम संघांमधून काही वर्षं चांगली कामगिरी केली, मग दुखापतींनी हात धरला. २०१८ मध्ये त्याने बेसबॉल सोडून व्यावसायिक कुस्तीच्या डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीशी करार केला. २०२२ मध्ये तिथल्या रिंगणात तो उतरला तेव्हा त्याचं नाव रिंकू सिंह राहिलं नव्हतं. कपाळावर त्रिपुंड्र, गळ्यात रुद्राक्ष, आणि नाव वीर महान.